दोन हात उंचीचा पाहुणा

‘अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन’च्या नियमानुसार मिनिएचर घोड्याची उंची, आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजली, तर ३४ इंचांवर जायला नको. म्हणजे जेमतेम दोन हात. एवढासा जीव अंगणात उतरला की पोरांबरोबर आजोबाही हरखतात आणि फसगत तिथेच होते. उंची मोठ्या कुत्र्याएवढी असली, तरी पोट, खूर आणि स्वभाव घोड्याचाच.

त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं. पण हिरव्यागार कुरणात मोकाट सोडला तर तो चटकन लठ्ठ होतो, खुरांच्या आत दाह होऊन लंगडू लागतो. लाडाने भरवलेला खुराक त्याच्या जिवावर उठू शकतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायचे, दातही तपासून घ्यायचे. शिवाय तो कळपातला प्राणी, एकटा झुरतो. पहिला घोडा आणतानाच दुसऱ्याचीही सोय बघावी.

तो २५-३० वर्षं सहज जगतो. आज हट्ट धरणारी मुलगी कॉलेजला गेली की खरारा आईबाबांच्या हाती येणार.

म्हणून आणूच नये का? तसं नाही. शिकवलं तर तो किती शहाणा होतो, हे अमेरिकी कायद्यानेच मान्य केलंय: २०११पासून अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या अशा घोड्यांना तिथे सार्वजनिक ठिकाणी शक्य तिथवर प्रवेश द्यावा लागतो.

पाळीव प्राण्यांवरच्या या अंकात आमचं सांगणं एवढंच: आधी निवारा, कुंपण आणि पशुवैद्य, नाव काय ठेवायचं, हे नंतर.

— संपादक