'कुटुंबवत्सल' या शब्दाविषयी

एखादी वृद्ध स्त्री निवर्तली म्हणजे तिच्याविषयी जे चार शब्द छापून येतात ते बहुधा ठराविक असतात. त्या कुटुंबवत्सल होत्या, त्यांस बागेची आवड होती, अडल्यानडल्यास मदत करण्यात त्यांस आनंद वाटे. पुरुषाविषयी लिहिताना मात्र त्याने भूषविलेली पदे व मिळविलेल्या पदव्या क्रमाने दिल्या जातात. स्त्रीविषयीच्या त्या वाक्यांत असत्य काही नसते. परंतु ती अशा सुरात लिहिली जातात की, जणू सांगण्यासारखे दुसरे काहीच नव्हते! आमच्या मते या तीन वाक्यांत एका नागरिकाचे आयुष्यभराचे काम सामावलेले असते, आणि ते काम म्हणूनच मोजले गेले पाहिजे.

या म्हणण्याचा पुरावा नाशिककरांस दूर शोधावयास नको. कै. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या, गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. वडिलांस सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. जे अक्षरज्ञान झाले ते पतीच्या लहरीप्रमाणे, तुटक तुटक. पती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. हातात पैसा आला की तो घरी पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्या कोणा गरजवंताच्या हाती जावा, असा त्यांचा स्वभाव. अशा उदार पुरुषाचे गुण आपण व्याख्यानांतून गातो. परंतु दुसऱ्या दिवशी चूल पेटविण्याचा प्रश्न ज्या बाईपुढे उभा राहत असे, तिचे औदार्य अधिक खडतर होते असे आम्हांस वाटते.

कवी फुलांवर आणि मुलांवर लिहितो. फुलांस पाणी घालावे लागते व मुलांस जेवू घालावे लागते, ही गोष्ट कवितेच्या कक्षेत सहसा येत नाही. टिळकांच्या नगरच्या घरी आलेल्यागेलेल्यांची वर्दळ असे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हे याच घरात काही काळ राहिले. आज शाळकरी मुलांच्या मुखी असलेल्या 'फुलराणी'चा हा कवी. परंतु त्या हळव्या मुलास आपला म्हणून सांभाळणारी लक्ष्मीबाई होती, हे कितीजणांस ठाऊक असते? प्लेगच्या साथीत सख्खी माणसेही रोग्याजवळ जाण्यास कचरत असता या बाईंनी शुश्रूषेचे काम पत्करले. पोरक्या मुलांस जवळ केले. ज्या मुलीच्या माहेरी स्पर्शाचेही भय बाळगले जाई, तिच्याच घराचे दार पुढे सर्वांस उघडे राहिले.

येथे काही सुशिक्षित भगिनी म्हणतील की, अशी स्तुती हा स्त्रीस पुन्हा चुलीशी बांधून ठेवण्याचा एक गोड उपाय आहे. ही शंका निराधार नाही. कुटुंबवत्सलतेचे गोडवे गाणाऱ्यांनी बहुधा आज्ञाधारकपणाचीच तारीफ केलेली आहे. परंतु लक्ष्मीबाईंचे चरित्र या साच्यात बसत नाही. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्या त्यांच्यामागून निमूटपणे गेल्या नाहीत. लहान मुलास घेऊन त्या पतीपासून दूर, पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही आपले आचार त्यांनी पाळलेच. जातिभेद मनुष्याने केला आहे, ईश्वराने नव्हे, असे स्वतःच्या बुद्धीस पटले तेव्हाच त्यांनी तो टाकला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयी वाचकाचे मत काहीही असो. पाच वर्षे स्वतः विचार करून घेतलेल्या निर्णयास आज्ञापालन म्हणता येणार नाही. तिचे घरावरील प्रेम अशा स्वतंत्र मनाचे प्रेम होते, म्हणूनच ते मोलाचे.

१९१९ साली टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्यापुढे ६४ अध्याय रचले! 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथेच त्यांनी देह ठेवला. त्या ग्रंथाविषयी विद्वानांनी इतके लिहिले आहे की, आम्ही अधिक भर घालीत नाही. एवढेच लक्षात आणून देतो की, त्यातील उत्तम पृष्ठे घरातील गोष्टींनी भरलेली आहेत. आणि त्या लिहिल्या गेल्या नसत्या, तर या बाईंविषयीही 'कुटुंबवत्सल' एवढाच शब्द उरला असता.

ज्यांनी काहीच लिहिले नाही, अशा स्त्रिया मात्र प्रत्येक गल्लीत आहेत. आता बागेचेच पाहा. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात, अथेन्स नावाच्या गावी १८९१ साली काही स्त्रियांनी उद्यान-मंडळ स्थापिले. ते त्या देशातील पहिले समजले जाते. रोपांची व बियांची देवघेव करता करता अशी मंडळे पुढे गावच्या रस्त्यांच्या व झाडांच्या काळजीत शिरली. त्यांच्या सभांची टिपणे राहिली, म्हणून इतिहासही राहिला. आपल्याकडे हे मंडळ कुंपणावरून चालते. मोरीच्या सांडपाण्यावर अळू वाढवावे, गवती चहाचा ठोंब शेजारणीस द्यावा, तिच्याकडून अबोलीचे बी आणावे, कोणाच्या घरी खोकल्याचे दुखणे आले की अडुळशाची पाने पाठवावी. या मंडळास अध्यक्षीण नाही, वर्गणी नाही, अहवाल नाही. मोगलांच्या अमलात आपल्या नगरीस गुलशनाबाद म्हणत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आज इमारतींच्या गर्दीत जी थोडी परसे उरली आहेत, ती कोणाच्या हातांनी हिरवी राहिली आहेत, हे विचारीत नाही.

म्हणून शाळेच्या चालकांस आमची एक सूचना आहे. धावण्यास, वक्तृत्वास, गणितास पारितोषिके असतात, ती असावीतच. त्यांच्या जोडीस आवाराच्या एका कोपऱ्यात विद्यार्थ्यांचे उद्यान-मंडळ असावे. त्यात पाणी घालण्याच्या पाळ्या मुलग्यांसही असाव्यात, किंबहुना प्रथम त्यांस असाव्यात, कारण घरी ही सवय त्यांस कोणी लावीत नाही. त्या बागेतील भाजी विकू नये. शेजारच्या वस्तीत ज्या घरी आजारपण असेल तेथे मुलांनी ती स्वतः नेऊन द्यावी. उन्हाळ्याच्या सुट्टीतील पाळ्यांचा प्रश्न अवघड आहे हे आम्ही जाणतो. तो परीक्षेपूर्वीच सोडवावा, नाहीतर जूनमध्ये वाळक्या काटक्याच पाहावयास मिळतील.

दुसरे असे की, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीच्या आठवणी तिच्याच शब्दांत उतरून घ्याव्यात, आणि त्या वह्या शाळेच्या ग्रंथसंग्रहात राहाव्यात. 'स्मृतिचित्रे'ही पतीच्या आठवणी म्हणूनच प्रथम लिहावयास घेतली गेली होती. प्रश्न साधे असावेत. लग्नानंतर घरात माणसे किती होती, बाहेरचे कोण कोण पंक्तीस असे, दारची झाडे कोणी लावली, कोणाच्या बाळंतपणास तू धावून गेलीस. 'त्यात काय सांगायचे!' असेच उत्तर पहिल्या दिवशी येईल. तेव्हा वही मिटून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडीत बसली असता आपणही एक जुडी हाती घेऊन पुन्हा विचारावे.