आधी गोधडी, मग माइक

हिवाळ्यात भारतवारीला निघालेल्या प्रत्येक परदेशस्थ माणसाला घरून एक यादी येते. पूर्वी तीत बदाम, सेंटच्या बाटल्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि "तिकडचा" कॅमेरा असायचा. हल्ली तीत एक नवा पाहुणा दिसतो: कंडेन्सर माइक. पुतण्याला पॉडकास्ट करायचाय, मेहुणीला ऑडिओबुकं वाचायची आहेत, मावशीला तिचे अभंग यूट्यूबवर टाकायचेत. प्रश्न सगळ्यांचा एकच. "कुठला घेऊ? तू इंजिनियर आहेस, तुला कळतं."

मंडळी, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी साउंड सांभाळण्याचा अनुभव, एवढ्या भांडवलावर माझं मत सांगतो. घरच्या रेकॉर्डिंगच्या खरेदीत माइकचा नंबर शेवटचा लागतो. पहिला नंबर खोलीचा. हे ऐकून पुतणे मंडळी हिरमुसतात, म्हणून कारणं जरा सविस्तर देतो.

आधी हा कंडेन्सर म्हणजे काय ते बघू. बारावीत शिकलेला कपॅसिटर आठवतोय? दोन पत्रे, मध्ये थोडी हवा. त्यातला एक पत्रा म्हणजे धातूचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. किती पातळ? काही मायक्रॉन फक्त. आपला केस त्याच्या दहापट जाड निघेल. आवाजाने पडदा हलला की पत्र्यांमधलं अंतर बदलतं, कपॅसिटन्स बदलतो आणि त्यातून सिग्नल मिळतो. १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमानने १९२८ पासून असे माइक बनवून विकायला सुरुवात केली. त्याच कंपनीचा १९६७ सालचा यू ८७ आजही स्टुडिओंमध्ये मानाने टांगलेला असतो आणि आज त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या वर आहे. पडदा इतका हलका असल्यामुळे "स", "श"ची धार, श्वास, ओठांची हालचाल, सगळं तो टिपतो. पत्र्यांवर विद्युतभार ठेवायला आणि आतलं सर्किट चालवायला वीज लागते, म्हणून ४८ व्होल्टचा तो "फँटम पॉवर". १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा इलेक्ट्रेट माइक शोधला आणि कंडेन्सर स्वस्त झाला.

म्हणजे कंडेन्सर म्हणजे तिखट कानाचा माणूस. अडचण अशी की तिखट कानाच्या माणसाला फक्त तुमचं गाणं ऐकू येत नाही. शेजारच्यांचा मिक्सर, पंख्याची घरघर, रिक्षाचा हॉर्न, जिन्यातली चप्पल, सगळंच ऐकू येतं.

आता मुद्द्यावर येतो. यूट्यूबवर माइकचे रिव्ह्यू बघून तुम्ही मॉडेल ठरवता. ते रिव्ह्यू बरेचदा अमेरिकेतल्या घरात बसून केलेले असतात. ही घरं आतून कशी असतात ते मी रोज बघतो. लाकडाचा सांगाडा, त्यावर जिप्समच्या पातळ भिंती, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, जाड पडदे, गुबगुबीत सोफे. शिवाय प्रत्येक बेडरूमला कपड्यांची छोटी कोठी, जिच्यात माणूस उभा राहू शकतो. तिन्ही बाजूंना कोट आणि स्वेटर. कितीतरी लोक तिथेच उभं राहून रेकॉर्डिंग करतात. न मागता मिळालेला स्टुडिओच तो! (थंडीत हीटरचा पंखा घुमतो, ही इथली कटकट. पण तो दहा मिनिटं बंद ठेवता येतो.)

आणि आपलं घर? काँक्रीटचा स्लॅब, विटांच्या प्लॅस्टर केलेल्या भिंती, खाली चकचकीत टाइल्स, खिडकीला काच आणि झुळझुळीत पडदा. उन्हाळ्यात थंड, पुसायला सोपं, सगळं मान्य. पण आवाजाच्या दृष्टीने ती न्हाणीघराची मोठी बहीण. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर जो "टँऽग" ऐकू येतो, तो तुमच्या प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे. तो कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण काढू शकत नाही. काढायला गेलं तर आवाजाचा जीवही त्याच्याबरोबर थोडा जातो.

म्हणून ओहायोतल्या गालिच्यावर मखमली वाटलेला माइक डोंबिवलीत पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. माइक तोच. खोली वेगळी.

थोडं गणित करू, कंटाळू नका. माइकच्या जाहिरातीत "सेल्फ नॉइज" नावाचा आकडा असतो, म्हणजे माइकची स्वतःची खरखर. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० चा आकडा २० डेसिबल, रोडच्या एनटी १ चा ४. इतका फरक बघून लोक जास्तीचे पैसे मोजायला तयार होतात. आता पंखा सुरू असलेली, रस्त्याकडेची खोली धरा. तिथला पायाभूत गोंगाट ३८ डेसिबल धरला तरी मी दयाळूपणाच करतोय. ३८ मध्ये २० मिळवले तर किती होतात? ५८ नाही. डेसिबलची बेरीज तशी होत नाही. उत्तर येतं ३८.०७. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून तुम्ही डेसिबलचा एक दशांशसुद्धा वाचवला नाहीत. तेच १५ डेसिबलच्या खऱ्या स्टुडिओत केलं, तर २० वाला माइक गोंगाट ६ डेसिबलने वाढवतो आणि तिथे तो फरक स्पष्ट ऐकू येतो. महागडा शांत माइक शांत खोलीतच शांत असतो.

ऑडिओबुकवाल्यांसाठी अजून एक आकडा. ऑडिबलची एसीएक्स ही सेवा सांगते की वाचन थांबलेलं असताना उरलेला गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. घरून पाठवलेली रेकॉर्डिंग्ज या अटीवर अडतात, तेव्हा दोष बहुधा माइकचा नसतो. पंख्याचा, फ्रिजचा आणि खिडकीचा असतो.

"मग डायनॅमिक घेतो, तो म्हणे खोलीचा आवाज घेत नाही." हे अर्धसत्य आहे. शुअरचा एसएम ५८, तो सभागृहातला आइस्क्रीमच्या कोनासारखा माइक, १९६६ पासून स्टेजवर आहे, कारण तो ओठाला लावून वापरतात. कमी ऐकणारा माइक तुमचा आवाजही कमी ऐकतो. मग तुम्ही गेन वाढवता, आणि खोली पुन्हा हजर! दिशा आणि अंतर सारखं ठेवलं तर खोलीचा हिस्सा दोन्ही माइकांत जवळजवळ सारखाच येतो. जादू अंतराची आहे. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. ६० सेंटिमीटरवरून १५ वर आलात की १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. मायकेल जॅक्सनच्या १९८२ सालच्या "थ्रिलर"मधलं बरंचसं गाणं शुअरच्या एसएम ७ या डायनॅमिक माइकवर रेकॉर्ड झालं, तेव्हा डायनॅमिक म्हणजे हलका माल असंही समजू नका.

आता आधी काय करायचं ते सांगतो. सगळं घरातच आहे.

१. घरातली सगळ्यात लहान आणि सामानाने भरलेली खोली निवडा. रिकामा हॉल नको. गादी, उशा, कपड्यांचं उघडं कपाट, पुस्तकांचा ढीग, सगळे तुमच्या बाजूने लढतात.

२. एक जाड गोधडी किंवा रजई घ्या आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. लोक नेमकं उलटं करतात, माइकच्या मागे फोम चिकटवतात. घरगुती माइक बहुतेक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि मागचं टाळतात. माइकच्या समोर कोण? तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. त्या भिंतीला पांघरूण घाला. दुसरी गोधडी असेल तर बाजूला. तिसरी खाली टाइल्सवर.

३. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. पुठ्ठा बाहेरचा आवाज अडवत नाही आणि आतलाही फारसा शोषत नाही. एक इंची फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, ती त्याला काय जुमानणार?

४. पंखा बंद. फ्रिजही बंद, फक्त नंतर सुरू करायला विसरू नका. आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, ही युक्ती अनेक रेकॉर्डिंगवाले वापरतात.

५. तोंडापासून माइक साधारण एक वीत, किंचित तिरका, मध्ये पॉप फिल्टर. "प", "फ", "भ"ची हवा थेट पडद्यावर आदळत नाही. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, हा दिशादर्शी माइकांचा स्वभावच आहे.

६. पेटी वाजवत गाणार असाल तर माइक हनुवटीच्या खाली, तोंडाकडे वर बघणारा ठेवा. पेटी त्याच्या पाठीकडे येते आणि आपोआप दबते.

एवढं करून फोनवर एक अभंग रेकॉर्ड करा. मग गोधडीशिवाय तोच पुन्हा करा. दोन्ही हेडफोनवर ऐका. जो फरक ऐकू येईल, तेवढा फरक पहिल्या आणि पाचव्या माइकमध्ये ऐकू येत नाही.

यानंतरही हौस टिकली तर मात्र कंडेन्सर जरूर घ्या. मी त्याच्या विरोधात नाही. खोली वठणीवर आली की तो जे टिपतो ते फोनला जमत नाही. मोठ्या, म्हणजे साधारण एक इंची पडद्याचा माइक असा हट्ट नको. आकडे छापणाऱ्या नामांकित कंपनीचा, शंभर डॉलरच्या आसपासचा सुरुवातीला पुरतो. सोबत ४८ व्होल्ट देणारा छोटा ऑडिओ इंटरफेस, स्टँड आणि पॉप फिल्टर यांचे पैसे आधी बाजूला काढा. एकट्यानेच बोलायचं असेल तर यूएसबी माइकही चालेल. मोठ्या देखण्या जाळीच्या आत चिमुकली इलेक्ट्रेट कॅपसूल बसवलेले फार स्वस्त माइक मिळतात, त्यांच्या आकाराला भुलू नका. आणि शक्यतो भारतातच घ्या. वॉरंटी अनेकदा जिथे घेतला त्या देशापुरतीच असते, आणि बिघडलेला माइक पुढच्या डिसेंबरपर्यंत माझी वाट बघत बसेल.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक सूचना, जी इथल्या रिव्ह्यूंमध्ये क्वचितच मिळते. कंडेन्सरला दमट हवेचं वावडं आहे. पडद्यापाशी ओल धरली की विद्युतभार गळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चटचट ऐकू येते. पावसाळ्यात माइक झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तो स्टँडवर शोभेला ठेवायची वस्तू नव्हे.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय? पैशांसाठी नाही. पुतण्याचे पाच-दहा हजार गेले तर तो पुन्हा कमावेल. मला काळजी वेगळीच आहे. "चांगला माइक आला की करू" या वाक्याची.

इथला माझा एक मित्र आहे. त्याचे वडील कीर्तन करत. आज त्याच्याकडे त्यांच्या आवाजातली चार मिनिटं आहेत, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओतली, मागे बँड वाजतोय. वडिलांच्या शेवटच्या काही वर्षांत घरात तीन स्मार्टफोन होते. पण "नीट" रेकॉर्डिंग करायचं होतं म्हणून ते राहून गेलं. अशी गोष्ट सांगणारा तो एकटा नाही. परदेशात राहणाऱ्यांकडे फोटो हजारो असतात, आवाज नसतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या हजारो ओव्या खेड्यांमध्ये, बायकांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून "पारी"च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. ऐकताना माइक कुठला होता, हा प्रश्न मनात येतच नाही. स्टुडिओची वाट बघितली असती तर त्यातल्या किती आवाजांची आज काहीच खूण उरली नसती.

म्हणून मावशीला माझं उत्तर असं की माइक नक्की घेऊ, पण तो येईपर्यंत थांबू नकोस. या रविवारी दुपारी, रस्ता जरा शांत असताना, पंखा बंद कर, पाठीमागे आजीने शिवलेली गोधडी टांग, फोन विमानमोडवर टाकून पुस्तकांच्या चळतीवर एक वीत अंतरावर ठेव आणि गा. फाइलला तारीख आणि अभंगाचं नाव दे, एक प्रत मला पाठव. घाम येईल थोडा, पण एक अभंग म्हणजे पाच-सात मिनिटं.