छिद्रे तीच, करार मात्र जन्मभराचा

'दुर्बिणीचे ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी' हे वाक्य आता मुंबईच्या उपनगरांत कुणाला नवे नाही. चारकोप-कांदिवलीच्या पट्ट्यात पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय अशा कितीतरी शस्त्रक्रिया दुर्बिणीने होतात. शेजारच्या इमारतीतल्या काकू शुक्रवारी दाखल होतात आणि रविवारी संध्याकाळी गॅलरीत चहा पिताना दिसतात. त्यामुळे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीबद्दल, ऐकले की मनात तेच चित्र उभे राहते: चार-पाच छिद्रे, दोन-तीन दिवस रुग्णालय आणि मग सुटका.

यातली छिद्रे आणि रुग्णालयातले दिवस खरे आहेत, सुटका तेवढी खरी नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेने आजार संपतो, वजनाच्या शस्त्रक्रियेने उपचार सुरू होतो. आपल्याकडची रुग्णालयांची पॅकेजे आणि विम्याचे नियम मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजतात. रुग्णाचे खरे नुकसान होते ते इथे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवरचा आपला विश्वास उगाच आलेला नाही. डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी 1970च्या दशकातच मुंबईत पोटाचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. 1990 साली त्यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. देशातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते आणि ती एका सरकारी रुग्णालयात झाली, हे विशेष. त्याआधी पोटावर वीतभर चीर, आठवडाभर खाट आणि पुढे महिना-दीड महिना जड काम बंद, असा हिशेब असे. हातावर पोट असलेल्या माणसासाठी ही चीर लहान होणे म्हणजे बुडणारी रोजी वाचणे होते. पित्ताशय काढले तरी यकृत पित्त तयार करतच राहते. टाके तपासून झाले की बहुतेकांना पुन्हा सर्जनकडे जावे लागत नाही.

वजनाच्या शस्त्रक्रियेत मात्र पचनसंस्थेची रचनाच बदलते. सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'त जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच कापलेल्या भागात तयार होते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न वेगळ्या वाटेने जाते, आतड्यातली संप्रेरके बदलतात आणि अनेकांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्याआधीच सुधारू लागते. म्हणून 'आळशी माणसांचा सोपा मार्ग' असे या शस्त्रक्रियेला हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. तीव्र स्थूलता हा आजार आहे. नुसत्या निर्धाराने तो बरा होत असता, तर निम्मी मुंबई जानेवारीतच बारीक झाली असती.

परिणामांचे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. स्वीडनमध्ये 1987पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्यूचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल लोकांच्या तुलनेत, सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळला. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात मधुमेहाचे काय झाले पाहा. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी 72 टक्के मधुमेही आजारमुक्त दिसत होते, दहा वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीएवनसी 6 टक्के किंवा त्याखाली ठेवू शकणारे रुग्ण केवळ औषधोपचारांच्या गटात 5 टक्के, स्लीव्हच्या गटात 23 टक्के आणि बायपासच्या गटात 29 टक्के होते. म्हणजे शस्त्रक्रिया औषधांपेक्षा निःसंशय सरस ठरली, तरी पाच वर्षांनंतर दहातल्या सात जणांना ते उद्दिष्ट गाठता आले नव्हते. 'मधुमेहातून कायमची मुक्ती' असे लिहिणाऱ्या फलकावर हा आकडाही असायला हवा.

सुरक्षिततेचेही असेच आहे. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया आज जवळपास पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेइतकी सुरक्षित आहे. स्टेपलरच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायातल्या शिरेत गुठळी हे धोके आहेत, पण ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांतले असतात आणि सर्जनचे त्यांच्याकडे लक्ष असते. खरी काळजी वाटते ती कुणाचेच लक्ष नसताना येणाऱ्या त्रासांची.

पहिला त्रास सतत उलट्यांचा. सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णाला वारंवार उलट्या होत असतील, तर बी-1 म्हणजे थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे. फॅमिली डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावतात आणि थायमिन न देता दिलेल्या ग्लुकोजने मेंदूची हानी वाढू शकते. वेळेवर थायमिनचे इंजेक्शन मिळाले, तर हे सारे टळते.

दुसरा त्रास सावकाश येतो. बी-12 शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक लागतो. जठरच कापल्यावर तो कमी पडतो. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-12 मुळातच कमी असते. त्यामुळे हाता-पायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा ही लक्षणे दोन-तीन वर्षांनी येतात, तेव्हा त्यांचा शस्त्रक्रियेशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. बायपासनंतर लोह आणि कॅल्शियमही कमी शोषले जाते. मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन घसरते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्लीव्हनंतर अनेकांना आम्लपित्ताचा जुनाट त्रास जडतो. बायपास झालेल्याने गणपतीत दोन मोदक घाईने खाल्ले, तर घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते, हे अनेक तरुण जोडप्यांना माहीतच नसते.

यातला जवळजवळ प्रत्येक त्रास टाळता येतो. त्यासाठी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने आणि बोलायला एक आहारतज्ज्ञ एवढे लागते. शस्त्रक्रियेच्या लाखांच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. तरीही उपचाराचा हाच भाग सर्वात आधी सुटतो.

तो का सुटतो, याचे उत्तर चारकोपमध्येच मिळेल. जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात म्हाडाने वसवलेली ही वस्ती. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना छोटे भूखंड मिळाले आणि त्यांनी पै-पै जोडून वर मजले चढवले. अशा घरातल्या चाळिशीच्या गृहिणीचा विचार करा. कर्ज काढून तिची शस्त्रक्रिया दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात झाली. सहा महिन्यांत तीस किलो वजन उतरले, गुडघे दुखायचे थांबले. आता तपासणीसाठी सकाळच्या गर्दीत चर्चगेट लोकल, सल्ल्याची फी, रक्ततपासणीचे काही हजार, नवऱ्याची एक रजा. 'बरे वाटतेय ना, मग कशाला?' असा प्रश्न घरात येतोच. 'रुग्णच तपासणीला येत नाहीत,' असे सर्जन म्हणतात आणि ते खरेही आहे. पण येणे इतके महाग आणि अवघड असेल, तर सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे योग्य नाही.

विम्याचे नियम पाहा. विमा नियामकाने 2019 साली अटी ठरवून दिल्या. बीएमआय 40 किंवा अधिक, अथवा 35 किंवा अधिक आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार यांपैकी काही असेल आणि इतर उपाय फसले असतील, तर या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळू शकते. ही चांगली सुरुवात होती. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च देतात. पुढच्या दहा वर्षांच्या तपासण्या आणि गोळ्या रुग्णाच्या खिशातून जातात.

दुसरीकडे शस्त्रक्रियेचा उंबरठा खाली येतो आहे, त्यालाही वैद्यकीय कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर 'दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त' असल्याचे जगाला दाखवले. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. म्हणून 2022 साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांना 27.5 बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, अशी शिफारस केली. पाच फूट तीन इंच उंचीच्या स्त्रीसाठी हे वजन साधारण सत्तर किलो होते. विम्याच्या 40च्या अटीसाठी तेच वजन 102 किलो लागते. या दोन आकड्यांच्या मधली माणसे बहुधा स्वतःच्या पैशाने शस्त्रक्रिया करतील आणि पैसे संपले की पहिली काट पुढच्या तपासण्यांना लागेल.

आपल्याला किलोंचे आकर्षण फार. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा त्यांचे वजन, त्यांना आणणारे मालवाहू विमान आणि नंतर नेमके किती किलो उतरले यावरचा वाद याच बातम्या झाल्या. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचे निधन झाले. त्या अतिशय गुंतागुंतीच्या रुग्ण होत्या, त्यांच्यावरून सर्वसाधारण रुग्णाबद्दल निष्कर्ष काढू नये. पण किती किलो उतरले, हा एकच प्रश्न विचारण्याची आपली सवय तेव्हा ठळक दिसली.

आता वजनाची इंजेक्शनेही आली आहेत. 2025मध्ये टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात उपलब्ध झाले. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे अभ्यासात दिसले. म्हणजे सुई असो वा स्टेपलर, उपचार दीर्घकाळाचाच.

मग करायचे काय? पहिले, शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पाच वर्षांच्या तपासण्या आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला धरलेला असावा. किंमत थोडी वाढेल, पण ती खरी किंमत असेल. दुसरे, विमा कंपन्यांनी शस्त्रक्रिया मान्य केली, तर ठरावीक तपासण्याही मान्य कराव्यात. तिसरे, महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त मोफत रक्तचाचण्या होतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची वार्षिक तपासणी घराजवळ तिथेच व्हावी आणि तिथल्या डॉक्टरांना उलट्या व थायमिनचा एक पानी इशारा मिळावा. चौथे, प्रत्येक केंद्राने पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांपैकी आज किती जण संपर्कात आहेत, हा आकडा जाहीर करावा.

हे होईपर्यंत वाचकांनी सर्जनला चार प्रश्न विचारावेत. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? पुढच्या पाच वर्षांचा तपासण्यांचा खर्च किती? रात्री उलट्या थांबत नसतील, तर फोन कुणाला करायचा? तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांचे आज कसे चालले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी छान मिळेल. उरलेल्या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.