तोंड निवळले, हिशेब राहिला

औषधाच्या बाबतीत आपण बायका भारी काटकसरी. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात! माझी ही काटकसर माझ्या भाचीला भोवली, म्हणून आज हा कबुलीजबाब.

माझा भाऊ तिवशाला राहतो. त्याच्या मुलीच्या गालांवर साध्या पुटकुळ्या नव्हेत, पुवाने भरलेल्या दुखऱ्या गाठी होत्या. मलमे झाली, इतर औषधे झाली. शेवटी गेल्या मार्गशीर्षात अमरावतीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या, रोज २० मिलिग्रॅम. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले. होळीपर्यंत गाल नितळ झाले. वहिनी म्हणाली, "ताई, आता काहून खाव्या गोळ्या? तोंड तं आरशावानी झालं!" मीही शहाणपणाने म्हटले, "खरंच, बंद करा."

आषाढात गाठी परत आल्या. श्रावणात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला. मुलीचे वजन ४० किलो. किलोमागे निदान १२० मिलिग्रॅम धरले, तर एकूण ४,८०० मिलिग्रॅम, म्हणजे २४० दिवस. आम्ही थांबलो ९० दिवसांनी, १,८०० वर! चेहरा आधी निवळतो, पण त्वचेतल्या तेलग्रंथी पुरत्या नमलेल्या नसतात. पूर्ण औषध घेऊनही काहींना दुखणे उलटते. अर्ध्यावर सोडले तर ती भीती अधिक.

"गोळी कशाबरोबर घेत होतीस?"

"सकाळी कोऱ्या चहाबरोबर."

तीही चूकच. हे औषध स्निग्ध अन्नाबरोबरच नीट अंगी लागते.

मग त्यांनी विचारले, "लग्न ठरलंय का?" ठरले होते, यंदाच्या मार्गशीर्षात. औषध चालू असताना आणि थांबल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

परतीच्या एसटीत मुलगी गप्प होती. गुरुकुंज मोझरी मागे पडली तशी म्हणाली, "आत्या, फाल्गुनापर्यंत गोळ्या, चैत्र मोकळा. लग्न वैशाखात करू. कारण मीच सांगते त्यांना."

तिने खरेच सांगितले. होणाऱ्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "घाई कोनाले हाय, बाई?"

आता तिचे ओठ कोरडे पडतात, त्यांना ती तूप लावते. यकृत आणि रक्तातली चरबी तपासायला डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त देते. वहिनी रोज रात्री जेवणाच्या पानाशी गोळी ठेवते आणि कॅलेंडरवर फुली मारते. मी मात्र औषध कधी थांबवावे, हे सांगायचे सोडून दिले आहे. ते ज्यांनी सुरू केले, त्यांनाच विचारावे.