उन्हावरचा उपाय ग्रामसभेला विचारून करा

मे महिना म्हणजे तेंदूचा हंगाम. आम्ही पहाटेच जंगलात जातो, घरी येऊन 70-70 पानांचे पुडे बांधतो, मग फळीवर नेतो. आणि घर कसं? टिनाचं छप्पर तव्यासारखं तापतं. कवेलूचं घर असं तापत नव्हतं.

आता शहरात नव्या कंपन्या निघाल्यात, स्टार्टअप म्हणतात. कोणी छपराला पांढरा रंग देतं, त्याने ऊन परतून जातं. कुठे पारा ठरल्यापेक्षा चढला की विम्याचे पैसे मिळतात. गुजरातेत सेवा संघटनेच्या बायांना मिळालेत. सरकारने अशा कामाला मदत द्यावी, आमची ना नाही.

पण पैसा कंपनीला अन् ऊन आम्हाला, असं नको. कोणत्या टोल्यावर काय लागतं ते ग्रामसभा ठरवेल. काम आमच्या पोरापोरींना शिकवा. विमा तेंदू-मोहा वेचणाऱ्यांनाही द्या.

आपली पहिली सावली जंगलच आहे. ते राखायचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिला. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला. बाकी गावांचे दावे दाबून ठेवायचे, जंगल खाणीला द्यायचं आणि छपराला रंग वाटायचा, हे चालणार नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव लिहूनच उठा.