तळ्यावर बोट घेणे ही चैन नव्हे, हक्क आहे

धरणाकाठच्या एका गावातल्या आपल्या तरुणांनी वर्गणी काढून फायबरची एक जुनी बोट घ्यायचे ठरवले. रविवारी वस्तीतली पोरेबाळे, आयाबहिणी पाण्यावर फिरतील, एवढाच हेतू. बातमी कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर आली आणि टोमणे सुरू झाले. "पोरांच्या फीला पैसे नाहीत आणि यांना नौकाविहार सुचतोय!" "चळवळ सोडून चैन!" टोमणे मारणारे परके नव्हते, आपलेच होते. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा की, शोषितांनी फक्त गरजेपुरतेच मागावे हे ठरवले कोणी? पोटाला भाकरी, अंगाला कापड, पोराला शाळा, बस्स. त्यापलीकडे हसणे, फिरणे, पाण्यावर संध्याकाळ घालवणे हे 'त्यांचे'. हा विचार मनुवादी व्यवस्थेने आपल्या डोक्यात भरलेला आहे. आता आपणच त्याला 'प्राधान्यक्रम' म्हणू लागलो आहोत.

महाड आठवा. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले, तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मरणार होतो असे नाही, हा संगर समतेचा आहे, हे त्यांनी स्पष्ट बजावले होते. म्हणजे महाडचा लढा केवळ तहानेचा नव्हताच. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून उभे राहण्याचा तो लढा होता. आज त्याच पाण्यावर माणूस म्हणून बोटीत बसणे हा त्या लढ्याचा अपमान कसा होईल?

फुरसतीबद्दलही बाबासाहेबांचे मत पक्के आहे. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना ते यंत्रांची बाजू घेतात. कारण काय? जनावरासारखे राबण्यातून माणूस सुटावा, त्याला फुरसत मिळावी आणि त्या फुरसतीतून संस्कृती घडावी. ज्याला फुरसत नाही त्याला संस्कृतीही नाकारली जाते. शतकानुशतके आपले श्रम घेऊन दुसऱ्यांनी फुरसत भोगली, हे विसरायचे का?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. शिकागोत २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात मित्रांसोबत तराफ्यावर खेळत होता. तराफा गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेला. एका गोऱ्याने दगडफेक केली, मुलगा बुडाला आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्यावर ना कुंपण होते ना पाटी, तरी रेषा होतीच. पुढे १९४५ मध्ये डेट्रॉइटला सारा एलिझाबेथ रे या तरुणीला सहलीच्या बोटीतून उतरवले, कारण ती काळी होती. ती गप्प बसली नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४८ मध्ये बोट कंपनी हरली. मौजेच्या बोटीसाठी लढली म्हणून तिला कोणी 'चैनी' म्हटले असेल तर म्हणो, हक्काची भिंत तिथे फुटली. त्याच मिशिगन राज्यात आयडलवाइल्ड नावाच्या तळ्याकाठी काळ्या कुटुंबांनी हप्त्याहप्त्याने भूखंड घेतले आणि स्वतःचे विश्रांतीस्थळ उभे केले. तिथे भूखंड घेणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसही होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते याच डुबॉइस यांना.

आपल्याकडे रेषा वेगळ्या आहेत. गावात पोहणे शिकतात ते विहिरीत. ज्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू दिले नाही, तिच्यात उडी कोण मारू देणार? वस्तीतल्या कितीतरी जणांना आजही पोहता येत नाही, त्यात बायका जास्त. त्याला आपण 'भीती' म्हणतो. ती जातीने दिलेली आहे. धरणांचेही तसेच. धरणासाठी गावे उठली तेव्हा ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन कुठली? आज त्याच जलाशयाच्या काठी रिसॉर्ट उभे आहेत. त्यांत आपली माणसे दिसतात ती बहुतेक ताटे उचलताना.

म्हणून बोट घ्याच. पण आंबेडकरी रीतीने घ्या.

फीचा आक्षेप खोटा नाही. शिक्षणनिधीला हात लावू नका, वर्गणी वेगळी काढा आणि पै-पैचा हिशोब वस्तीपुढे मांडा. बोट एकाच्या नावावर न ठेवता मंडळाची ठेवा, नाहीतर नवा मालक तयार होईल. भोई, कोळी, ढिवर हे पाण्यावर जगणारे समाज आपले शत्रू नाहीत. त्यांची जाळी तोडून आपली मौज नको. उलट बोट चालवायला त्यांच्याकडून शिका आणि शिकवणाऱ्याला मोबदला द्या.

सुरक्षेत तडजोड नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटली, ६ जण बुडाले. म्हणून जितकी माणसे तितकी जॅकेट, आणि ती अंगात घातलेली. वारा सुटला की बोट काठाला. जुनी बोट घेताना तळाच्या भेगा जाणकाराकडून तपासून घ्या. इंजिन लावणार असाल तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा पाहा. जलाशय पाटबंधाऱ्याचा असेल तर लेखी परवानगी मागा. नाकारली तर कारणही लेखी मागा आणि रिसॉर्टवाल्याला कोणत्या नियमाने दिली, ते माहिती अधिकारात विचारा. संघर्ष इथेही आहेच!

आणि सगळ्यात आधी पोहायला शिका. मुलींना पहिल्यांदा शिकवा.

आपली लेकरे पाण्याला घाबरणार नाहीत, तेव्हा चवदार तळ्याचा संगर आणखी एक पाऊल पुढे गेलेला असेल.

जय भीम!