बशीतला कॅन्सर

आमच्या जळगाव-धुळ्याकडे अधूनमधून एक बातमी फिरते. अमुक झाडाच्या अर्काने पोटाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या! त्यात सातपुड्याचं नाव असलं की मग विचारूच नका. लगेच एखादे जिभाऊ फोनवर सांगतात, "पोटाचाच आजार ना? काढा तर थेट पोटातच जातो. केमो कशाला पाहिजे?"

मंडळी, माझं भांडण आहे ते या वाक्याशी. नातेवाईक रागावतील, रागावू देत.

आधी प्रयोगात काय होतं ते बघा. अशा कामात एजीएस नावाच्या पेशी जगभर वापरतात. एका ५४ वर्षांच्या बाईच्या पोटातल्या गाठीपासून त्या वाढवलेल्या. प्लॅस्टिकच्या बशीतल्या बारीक खळग्यांत त्यांचा पातळ थर वाढवायचा, वर अर्क घालायचा, एक-दोन दिवस ठेवायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. जांभळा रंग फिका पडला, म्हणजे पेशी मेल्या किंवा वाढायच्या थांबल्या. प्रयोग चांगला आहे, पण तो एवढाच आहे.

आता तो काढा. बशीतली पेशी अर्कात ४८ तास बुडून असते. पोटातला काढा थोड्याच वेळात पुढे सरकतो. शिवाय कॅन्सर काही पोटाच्या अस्तराला वरून फासलेला नसतो. तो भिंतीत खोल शिरतो, लसिका ग्रंथींत जातो, यकृतात जातो. तिथे पोचायचं तर रक्तातूनच, आणि आतडी-यकृत वाटेतच बरंच काही मोडून टाकतात.

आणि नुसत्या पेशी मारण्यात काय मोठं? ते उकळतं पाणीही करतं. सीताफळाच्या बियांच्या पुडीने उवा मरतात हे आपल्या आज्यांना माहीत होतं, आणि ती डोळ्यांत जाऊ द्यायची नाही हेही! खरा प्रश्न असा, की त्याच अर्कात निरोगी पेशी वाचल्या का? बातमीत नेमकं हेच नसतं.

कुणी म्हणेल, झाडांतून औषधं आलीच ना? आली की! आपल्या सह्याद्रीतला नरक्याच घ्या. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते नरक्यात असल्याचं दाखवलं. पेशी मारण्यात पटाईत! पण रुग्णांना दिल्यावर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्यात फेरफार करून इरिनोटेकॅन तयार झालं, त्याला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. म्हणजे ३० वर्षं! आज ते पोटाच्या कॅन्सरवरही वापरतात. आणि ते काय आहे? केमोच! झाडपाला ज्या केमोला हरवणार म्हणता, तिचाच एक भाग झाडातून आलाय.

तेव्हा फार्मसीच्या आमच्या पोरांनी सातपुड्यातली झाडं जरूर तपासावीत. फक्त बातमी देणाऱ्याने 'बशीत' हा एक शब्द गाळू नये.

आणि घरात कुणाची भूक मेली असेल, दोन घासांत पोट भरत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर आधी डॉक्टर गाठा, दुर्बिणीने तपासणी करून घ्या. लवकर सापडलेला कॅन्सर ऑपरेशनने काढता येतो. काढ्यात गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.